वाळलेल्या पानातली ठिणगी

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा मी एकदा "आग लागली, आग लागली" असं ओरडत केळीच्या बागेतून विहिरीपर्यंत धावले होते. पायात चप्पल नाही, डोक्यावर पदर नाही. माझा आरडाओरडा ऐकून बागेतली सगळी माणसं घागरी, बादल्या घेऊन पळत आली. एकाच्या हातात तर चहाचं पातेलं होतं, चहासकट. त्या दिवशी बागेत पाणी सोडलेलं. घोट्याएवढ्या चिखलात आग लागेल कशी, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. मला तर मुळीच नाही. त्या वयात मला प्रश्न पडत नसत. उत्तरं मात्र सगळी तोंडपाठ होती.

माझं माहेर दोंडाईच्याकडचं. ज्वारी, मिरची आणि उन्हाची भूमी. केळ म्हणजे आमच्याकडे सत्यनारायणाच्या चौरंगाला बांधायची वस्तू. सासर मात्र जळगावच्या पूर्वेला, तापीकाठचं, जिथं पाहावं तिथं केळीच केळी. पहिल्या दिवशी मी बागेत शिरले आणि वाट चुकून तिथंच रडत बसले, हे सासरी अजून सांगतात. खोटं नाही. फक्त मी रडत नव्हते, कांदा डोळ्यात गेला होता. बागेत कांदा कुठून आला, ते विचारू नका.

सासूबाईंचा एक मंत्र होता: केळीला वाळलं पान नको आणि सुनेला मोकळे केस नकोत. केळीची जुनी पानं वाळली की खाली लोंबतात, सुरळी होऊन खोडाला चिकटून राहतात. ती कापायची, बाग विंचरल्यासारखी ठेवायची. करपा नावाचा रोग पानापानावरून पसरतो, म्हणून कापायची हे खरं. पण त्याहून मोठं कारण लोकांचा डोळा. रस्त्यानं जाणारा बाग पाहून घर ओळखतो. आमची बाग एवढी नीट की नुसती ती पाहून दोन घरांतून माझ्या दिराला मुली सांगून आल्या. दीर कसा होता ते त्यांना नंतर कळलं.

मी हे वेड सासूबाईंकडून घेतलं आणि त्यांच्यापेक्षा चार पावलं पुढे नेलं. कमरेला विळा खोचून दिवसभर बागेत. तेव्हा बसराई केळी होती, बुटकी, पान डोक्याशी येई. एकही वाळलं पान दिसलं की माझ्या हाताला खाज सुटे. कुणी "वा, काय हात आहे सूनबाईचा" म्हटलं की मी आणखी दोन ओळी साफ करायची. मूर्ख माणसाला कामाला लावायचं तर कौतुकासारखं स्वस्त औषध नाही.

तर त्या दिवशी मी एक सुरळी झालेलं पान ओढलं आणि त्यातून एक ठिणगी उडाली. केशरी, जिवंत ठिणगी. माझ्या कानाजवळून फडफडत गेली, पुढच्या केळीच्या वाळलेल्या पानात शिरली आणि विझली. वाळलेलं पान, त्यात ठिणगी. दोन अधिक दोन मी झटकन पाच केले आणि पळाले.

मग सगळे जमले. धूर नाही, जाळ नाही, वास नाही. सासऱ्यांनी विचारलं, "कुठं शे आग?" माझ्या भाषेत विचारलं, मी नवीन म्हणून ते अधूनमधून मुद्दाम अहिराणी बोलत. एवढ्या माणसांत, एवढ्या मायेनं विचारलेल्या प्रश्नाला "मला काहीतरी दिसलं, काय ते माहीत नाही" असं उत्तर द्यायला हवं होतं. पण मी हुशार ना! समोर आमच्याकडचा एक तरणा सालदार उभा होता, हातात रिकामी बादली घेऊन. मी म्हटलं, "यांनी बिडी टाकली असेल. मी पायानं विझवली."

तो बिडी ओढत नव्हता. सगळ्या गावाला माहीत होतं, फक्त मला नव्हतं. तरी सासरे त्याला सगळ्यांसमोर बोलले. सुनेचा शब्द राखायला हवा होता. त्यानं मान खाली घातली आणि बादली उचलून गेला. तोच माणूस आज आमच्या बागेत ठिबकच्या नळ्या, मोटर, फिल्टर सगळं बघतो. आम्ही सगळे त्याला नाना म्हणतो. आणि गंमत म्हणजे आता नानांच्या तोंडात कायम बिडी असते.

मी पन्नास वर्षं ती गोष्ट कुणाला बोलले नाही. आधी लाजेनं, मग सवयीनं.

दोन वर्षांपूर्वी, पावसाळा सरता सरता, एक मुलगी स्कूटरवरून आमच्या दारात आली. सावळी, किडकिडीत, पाठीवर तिच्यापेक्षा मोठी पिशवी. माझा मुलगा ओट्यावर बसला होता. ती म्हणाली, "भाऊ, मी वटवाघळांचा अभ्यास करते. तुमची केळीची बाग बघू का?"

मुलगा म्हणाला, "वटवाघळं बागेत कुठं? ती तिकडं चिंचेवर. लटकली आहेत शेकड्यानं. पाहिजे तेवढी मोजून घ्या."

"ती नाही भाऊ. लहान असतात. केळीच्या वाळलेल्या पानात झोपतात."

"आमच्या बागेत वाळलं पान सापडलं तर मला सांगा," मुलगा हसून म्हणाला. माझाच मुलगा तो.

बिचारी वरणगावपासून इकडं एकेक गाव करत आली होती. कुणी विचारलं होतं, वटवाघळाला सरकार अनुदान देतं का? कुणी म्हणालं होतं, पकडून दिलं तर किती देशील? एका आजीनं तिच्या वेणीला लिंबू-मिरची बांधून दिली होती, केसात वटवाघूळ अडकू नये म्हणून. तिनं ती वाटेत सोडली नव्हती; आजीनं मनापासून दिली होती म्हणे.

ती फाटकाशी गेली आणि फोनवर आईशी बोलू लागली. "माय, आठे बी काही नई शे. बठ्ठं साफ करी टाकेल शे."

मी आत तांदूळ निवडत होते. इथंही काही नाही, सगळं साफ करून टाकलंय, आणि हे माझ्याच अहिराणीत! माझं सगळं घर इकडच्या बोलीत बोलतं. माझी बोली मला फक्त माहेरच्या लग्नांत ऐकू येते. पोरगी अमळनेरकडची निघाली. मी सूप ठेवलं आणि दारातूनच ओरडले, "ए पोरी, इकडं ये. काय नई शे?"

तिनं मला मोबाईलवर चित्र दाखवलं. केशरी अंग. काळे पंख, त्यांत केशरी काड्या, जशा छत्रीच्या. मी चष्मा न लावताच ओळखलं. पन्नास वर्षांनी माझी ठिणगी माझ्यासमोर आली होती, आणि तिला चेहरा होता.

नाना तेव्हा नळीची गळती काढायला अंगणात आले होते. त्यांनीही वाकून चित्र पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. बिडी पेटवली आणि गेले.

"मी पाहिली आहे ही," मी म्हटलं. "याच बागेत. खूप वर्षं झाली." आगीचं काही सांगितलं नाही. एका दिवसात सगळं खरं बोलायची माझ्या तब्येतीला सवय नाही.

ती पोर माझ्या पायांशी बसलीच. तिनं सगळं सांगितलं. पीएच.डी. करते आहे. दोन वर्षं झाली, हे वटवाघूळ तिला नीट बघायलाच मिळालेलं नाही. एकदा दिसलं, दुसऱ्या दिवशी शेतकऱ्यानं पानं कापली. तिच्या गाईड मॅडमनी सांगून ठेवलं होतं: पिल्लाला वाढवणारी एक तरी आई सापडली, पिल्लू उडेपर्यंत बघता आली, तर विषय चालू; नाहीतर आता बदल आणि सगळ्यांसारखी चिंचेवरची मोठी वटवाघळं घे. "आणि अक्का, माझा जीव यातच आहे," ती म्हणाली. हे तिनं असं म्हटलं, जसं नवरा दाखवला तेव्हा आम्ही म्हणायला हवं होतं आणि म्हटलं नाही.

ती आमच्याकडंच राहिली. आमच्या बागेच्या पूर्वेच्या कोपऱ्यात त्या वर्षी मजूर न मिळाल्यानं पानं कापायची राहून गेली होती. तो कोपरा मुलगा कुणाला दाखवत नसे. नानांनी तिला थेट तिथंच नेलं.

बाराव्या दिवशी ती धावत आली. हळू धावत आली, हे तिचंच एक कसब, आवाज न करता धावायचं. "अक्का, भेटनी!"

त्या केळीखाली मी कशी गेले ते माझ्या गुडघ्यांना विचारा. तिनं एका काडीला छोटा आरसा बांधला होता. तो पानाच्या सुरळीखाली धरला आणि म्हणाली, "श्वास रोखून बघा." आरशात एक केशरी गोळा. पान जेवढं वाळकं तेवढाच तोही वाळका दिसणारा; दाखवला नसता तर मी "पानाला डाग पडला" म्हणून विळा लावला असता. मग त्या गोळ्याला दोन डोळे फुटले. काळे, मोहरीएवढे, लख्ख. पोटाशी आणखी एक इवलंसं काही चिकटलेलं. चिंचोक्याहून जरासं मोठं असेल.

"पिल्लू," ती ओठांनीच म्हणाली.

"आंधळी असतात ना ही?"

"तुम्हाला बघते आहे, अक्का."

खरंच बघत होती. मीही पाहत होते. आयुष्यात मला इतक्या नीट फार थोड्यांनी पाहिलं आहे.

त्या पोरीनं मला पुढच्या दिवसांत काय काय शिकवलं! वटवाघळाला पंख नसतात, हात असतात. हा अंगठा, ही चार बोटं, बोटांमध्ये कातडी ताणलेली. ती बोटं पसरते आणि उडते. मी माझा हात उन्हात धरून बघितला. हीच हाडं, हीच बोटं. यांनी मी काय केलं? बट्ट्या वळल्या आणि पानं कापली.

"झोपेत खाली पडत नाही?" मी विचारलं.

"नाही. तिच्याच वजनानं तिच्या पायाची बोटं आवळली जातात. धरून ठेवायला तिला जोर लागत नाही. सोडायला लागतो."

मी म्हटलं, "आमच्या सासूबाईंचं असंच होतं."

तिच्याकडं एक डबीएवढं यंत्र होतं. वटवाघूळ जो आवाज काढतं तो आपल्या कानाच्या पलीकडचा. तो आवाज वस्तूवर आपटून परत येतो आणि त्यावरून तिला अंधारात किडा कुठं, पान कुठं, ते समजतं. ते यंत्र तो आवाज आपल्याला ऐकू येईल असा करतं. तिन्हीसांजेला ती बाहेर पडली की यंत्रातून लाह्या फुटायच्या. किडा जवळ आला की लाह्यांची घाई व्हायची, तडतडतडतड, मग एकदम गप्प. "खाल्ला," पोर म्हणायची. मला सुनेची हाक ऐकू येत नाही (कधी खरोखर, कधी सोयीनं), पण अंगठ्याएवढ्या जिवाचा घास मला ऐकू येत होता.

आणि त्या पोरीची चिकाटी! दोन-दोन तास पानाखाली. डास चावला तरी हात हलवणार नाही. वहीत वेळ लिहायची, ऊन लिहायची, वारा लिहायची. तोंडाला मास्क, हातात मोजे. मला हात लावायला सक्त मनाई. मी म्हटलं, "तिचा रोग मला लागेल म्हणून का?" तर म्हणाली, "दोन्हीकडून, अक्का. तुमचा तिलाही लागायला नको." एवढ्या वर्षांत कुणी वटवाघळाच्या बाजूनं हा विचार केलेला मी ऐकला नव्हता.

त्या केळीच्या खोडाला तिनं लाल फीत बांधली. आणि मला सांगितलं, "अक्का, एक लक्षात ठेवा. ही घर बदलते. दोन-तीन दिवसांनी शेजारच्या पानात जाते, मग पुन्हा येते." मी मान डोलावली. त्या वेळी माझ्या डोक्यात बट्टीचं पीठ भिजवायचं होतं. कानानं ऐकलं, आत काही गेलं नाही.

मग मॅडमचा निरोप आला: येते बघायला. त्यांना जळगावला उतरवून घ्यायला आणि विद्यापीठाची काही कागदं करायला ती दोन दिवस गेली. जाताना म्हणाली, "अक्का, परवा दुपारी आम्ही येतो. बाकी सगळं आता तिच्या हातात."

तिच्या हातात! आणि माझ्या हातात काहीच नाही? इतक्या लांबून एवढ्या शिकलेल्या बाई आमची बाग बघायला येणार, आणि त्यांनी काय बघायचं, लोंबणारी पानं? माझ्या अंगातली ती एकोणीस वर्षांची पोर पन्नास वर्षं मेली नव्हती. नुसती झोपली होती, उलटी लटकून. ती जागी झाली. मी मुकादमीण बोलावली, बायका लावल्या. पहिल्या दिवशी रस्त्याकडची बाग, दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्वेचा कोपरा.

लाल फितीच्या केळीला हात लावायचा नाही, हे मी तीन-तीनदा बजावलं. मी काही अडाणी नव्हे.

नाना बांधावर उभे होते. म्हणाले, "अक्का, त्या पोरीनं सांगतलं का कापाले?"

"पाहुणे येऊ राह्यले नाना. तुम्हाला नाही कळायचं."

"आपल्याले काय कळते," म्हणाले आणि बायकांच्या मागं मागं काहीतरी करत फिरत राहिले. मला वाटलं, रिकामटेकडे.

दुपारपर्यंत कोपरा असा झाला की सासूबाईंनी वरून खाली उतरून पाठ थोपटली असती. मध्ये ती लाल फितीची एकच केळ, एक वाळलं पान मिरवत. मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले. घरात वरण-बट्टीचा घमघमाट. मला स्वतःचा इतका अभिमान फार दिवसांनी वाटला.

त्या आल्या. मॅडम साठी ओलांडलेल्या, केस पांढरे, गुडघ्याला पट्टे. मी नमस्कार करून म्हटलं, "आधी बाग बघा, मग जेवण."

पोर बांधावर चढली आणि थांबली.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं एकदा सगळा कोपरा पाहिला. लाल फितीपाशी गेली, आरसा धरला. सुरळी रिकामी. मग माझ्याकडं वळून एवढंच म्हणाली, "अक्का, मी निघाले त्याच सकाळी ती या शेजारच्या पानात गेली होती. वहीत लिहिलं होतं मी."

शेजारी नुसतं खोड होतं. स्वच्छ. हिरवं. माझ्या हाताखाली विंचरलेलं.

ती खाली बसली. वही मांडीवर ठेवून तिनं ती मिटली, आणि मिटलेल्या वहीवर हात फिरवत राहिली, जसा आपण तापलेल्या मुलाच्या कपाळावर फिरवतो. दोन वर्षं होती त्या वहीत. मला तिथंच चिखलात गडप व्हावंसं वाटलं.

मॅडमनी फक्त एक प्रश्न विचारला. "कापलेली पानं कुठं आहेत?"

"जाळायला काढली असतील," मुलगा चाचरत म्हणाला.

"नाही जाळली," मागून नाना बोलले. "मी जाळू नाही देली. हालवूबी नाही देली. जिथलं पान तिथंच ठेवलं, ज्या झाडाचं त्या झाडापाशी. सकाळपासून तेच करू राह्यलो."

मॅडमनी नानांकडं असं पाहिलं, जसं कुणी त्यांच्याकडं पाहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी चप्पल काढली. कुणी पानावर पाय द्यायचा नाही. देठाला धरून उचलायचं, खालून बघायचं, पुन्हा तसंच ठेवायचं. मुकादमिणीच्या बायका जायला निघाल्या होत्या, त्याही थांबल्या. आम्ही सगळे वाकून, एकेक पान. मॅडम गुडघे धरून, मी कंबर धरून. पोर यंत्र घेऊन ओळीओळीनं फिरत होती, यंत्र जमिनीला टेकेल इतकं खाली.

ऊन कलायला लागलं तेव्हा यंत्रात लाह्या फुटल्या. मंद, कोरड्या, थांबून थांबून.

ते आणखी दोन केळी पुढच्या एका पानाच्या पोटात होतं; दोन दिवसांत आईनं पुन्हा घर बदललं होतं. एकटंच. इवलंसं तोंड उघडून हाका मारत होतं. त्यातली एकही आमच्यापर्यंत पोचली नसती, यंत्र नसतं तर. "पान कापलं तेव्हा आई दचकून उडाली असेल," पोर म्हणाली. "पिल्लाची पकड सुटली."

"जिवंत आहे," मॅडम म्हणाल्या. "आई इथंच कुठं तरी बसली असेल. तिन्हीसांजेला शोधायला येईल." मग थोडं थांबून म्हणाल्या, "किंवा येणार नाही. पान होतं तिथंच परत लागलं पाहिजे. तिला जुनी जागा ओळखू येते, नवा पत्ता आपण तिला सांगू शकत नाही."

पण होतं कुठं? त्या पानाच्या दोन्ही बाजूंना दोन केळी, दोघींच्या खोडांवर कापल्याचे ताजे खुंट, चार-पाच तरी. कोणता त्याचा? पोर वहीतलं चित्र चाळायला लागली. तेव्हा जन्मात पहिल्यांदा माझं ते वेड कामाला आलं. मी देठ हातात घेतला. काप उलट्या बाजूनं तिरका होता. "ही डावखुरीची कापणी," मी म्हटलं. "कोण आहे गं डावखुरी?" एक बाई घाबरत पुढं आली. तिनं त्या दोन्ही केळींत मिळून एकच पान कापलं होतं, बाकीची दुसरीनं. मी देठ खुंटाला लावला. काप कापाला बसला, झाकण डब्याला बसावं तसा.

नानांनी केळीच्या सोपटाची, म्हणजे खोडावरच्या सालीची, ओली दोरी करून पान बांधलं. न हलवता, आत पिल्लू तसंच ठेवून. इतके हलके हात मी त्या माणसाचे कधी पाहिले नव्हते. की मी पाहिलेच नव्हते?

मुलानं मोटर बंद केली. बायका गेल्या. आम्ही पाच जण बांधावर बसलो: पोर, मॅडम, मुलगा, नाना आणि मी. चिंचेवरची मोठी वटवाघळं नदीकडं निघाली, आभाळात काळी वरात. पोरीनं मान वर करून पाहिलंही नाही. यंत्रात पिल्लाच्या हाका येत होत्या, आता आणखी अंतरानं. मी देवाचं नाव घ्यायला गेले आणि आठवलंच नाही कुणाचं घ्यावं. वटवाघळांचा देव कोणता?

उजेड राखाडी झाला. आणि मग माझ्या डोळ्यांसमोरून ठिणगी गेली.

पन्नास वर्षांपूर्वीची तीच किंकाळी पोटातून वर आली. गळ्यापर्यंत आली. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला.

ती लाल फितीच्या पानापाशी गेली, फिरली. उघड्या खोडाशी गेली, फिरली. यंत्रात लाह्यांवर लाह्या, आईच्या मोठ्या, पिल्लाच्या बारीक. मग ती बांधलेल्या पानात शिरली आणि सगळं गप्प झालं.

किती वेळ गेला, मॅडमच्या घड्याळाला माहीत. पान हललं. ती बाहेर आली तेव्हा जड उडत होती. पोटाशी काहीतरी होतं. ती तडक लाल फितीच्या पानात गेली.

"उनी," पोर माझ्या कानात म्हणाली. "अक्का, ती उनी." आली होती खरी. पोर गुडघ्यात डोकं घालून रडायला लागली.

मॅडमनी तिच्या मांडीवरची वही उघडून दिली. "लिही आधी. बघितलेलं लगेच लिहायचं. रडायला रात्र पडली आहे." मग जराशानं त्याच म्हणाल्या, "विषय बदलायचा नाही." स्वतःचे डोळे त्यांनी अंधाराचा फायदा घेऊन पुसले. माझ्यापासून काय लपतं?

परत येताना मी मुद्दाम मागं राहिले. नाना बिडी पेटवत होते. मी म्हटलं, "नाना, एक सांगायचं राहिलं. ती आग..."

"मले म्हाईत व्हतं," ते म्हणाले. "मी तिथंच व्हतो. तुमच्या कानापासून उडाली ना ती. मीबी पाह्यली."

मी थांबलेच. "मग बोलला का नाहीत तेव्हा?"

"काय बोलू? केशरी वटवाघूळ पाह्यलं म्हनू? बिडीचा आळ परवडला." एक झुरका घेतला. "अन् आळ तर आलाच व्हता. म्हटलं, ओढून तरी पाहू काय असते ते. तवाची लागली."

त्या रात्री मॅडमनी चार बट्ट्या खाल्ल्या आणि मी एकही नाही.

पिल्लू उडालं. पोरीनं ते पाहिलं, लिहिलं, आणि मला फोनवर सांगताना पुन्हा रडली. शिकलेल्या मुली फार रडतात, पण काम सोडत नाहीत. पूर्वेच्या कोपऱ्यातल्या सात ओळींची पानं आम्ही आता कापत नाही. करपा दिसला तर मुलगा ते एकच पान काढतो, तेही आधी आरसा धरून. जाता-येता बायका टोमणे मारतात. माझी धाकटी नणंद परवा म्हणाली, "वहिनी, तुमच्या बागेला शेंबूड आलाय." मी म्हटलं, "तुम्हाला उलटं लटकून बघता यायला हवं."

रोज सकाळी मी तिकडं जाते. काडी, आरसा आणि गुडघे घेऊन. कधी दिसते, कधी नाही. दिसली की हात जोडत नाही; नुसते हात पसरून बघते.

काल नाना माझ्यामागोमाग आले आणि ओळीत शिरता शिरता आगकाडी ओढली. मी वळून ओरडले, "नाना, इथं बिडी नको! वाळली पानं आहेत. आग लागायची."

ते इतके हसले, इतके हसले की बांधावर बसावं लागलं.